फोनला वायर जोडायची का? नेटच्या वेगाचा एक धडा



मासिक बैठकीत हल्ली कर्जवाटपाइतकीच चर्चा नेटची होते. "पंचायतीत फायबर आलंय म्हणतात, मग आमच्या फोनवर अजून गोल का फिरतंय?" हा प्रश्न जतकडच्या गटांनी विचारला, पाटणकडच्यांनी विचारला, आणि शिराळ्याच्या डोंगरातल्या ताईंनी तर जरा रागानंच विचारला. त्यांचा राग बरोबर होता. गटाची नोंद अॅपवर चढवायची असते, विम्याचा अर्ज असतो, मुलीच्या शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असते. नेट अडलं की मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. एसटीचं तिकीट अर्धं असलं तरी दिवस पूर्ण जातो.

म्हणून या अंकात वायरच्या नेटचा धडा घेऊ. वायरनं येणारं नेट म्हणजे काय, ते स्मार्टफोनपर्यंत कसं न्यायचं, आणि कधी ती खटपट करायचीच नाही, हे तिन्ही बघू.

वायरीतून निरोप येणं आपल्याकडे काही नवं नाही. "तार आली" म्हटलं की आजीच्या पोटात गोळा यायचा. ती तार सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. मधल्या काळात एसटीडी बूथ आले आणि गेले, मग मोबाईल आला आणि सगळ्यांना वाटलं की वायरीचं काम संपलं. पण मोबाईलच्या टॉवरपर्यंतसुद्धा नेट अनेक ठिकाणी वायरीनंच येतं. तिथं हवेतून येतो तो फक्त टॉवर ते तुमचा फोन एवढा शेवटचा टप्पा, आणि आपलं घोडं बहुतेक वेळा तिथंच अडतं.

टेंभूचं पाणी आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव अशा भागांत आलं, त्या ताईंना हे लगेच समजेल. कॅनॉलला पाणी सुटलं तरी शेपटाला किती पोचतं हे वर किती मोटारी चालू आहेत त्यावर ठरतं. टॉवरचंही तसंच. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव फोनवर असतं, टॉवरचं नेट तेवढ्यांत वाटलं जातं आणि लांबच्या वस्तीवर थेंब थेंब येतं. मध्ये डोंगर आला तर तेवढंही नाही. घरात स्वतंत्र वायर म्हणजे आपल्या रानापर्यंत पाईपलाईन. पुढे मुख्य लाईन सगळ्यांची एकच असते, त्यामुळे गर्दीचा थोडा परिणाम होतोच. पण टॉवरचं अंतर आणि डोंगर हे दोन अडथळे तरी जातात.

पंचायतीतलं फायबर कुणाचं?

केंद्र सरकारनं २०११ साली सगळ्या ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याची योजना मंजूर केली. तिचं पहिलं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क. २०१५ मध्ये ते भारतनेट झालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आणि प्रत्येकीला किमान १०० एमबीपीएसची लाईन, असं उद्दिष्ट होतं. आपल्या राज्यात यातलं दुसऱ्या टप्प्याचं बरंच काम महानेट या नावानं झालं. मधे काम रेंगाळलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेट कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. आकडा केवढा मोठा आहे बघा.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे फायबर ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत येतं. तिथून आपोआप कुणाच्या घरात जात नाही. काही गावांत कार्यालयातली पेटी चालू असते, काही ठिकाणी तिच्यावर धुळीचा थर असतो आणि प्लग काढून तिथे पंखा लावलेला असतो. तुमच्या गावात काय स्थिती आहे हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यातच तशी तरतूद आहे. तिथे विचारा: पेटी चालू आहे का, तिच्यावरून आत्ता कोणतं काम चालतं, शेजारच्या सभागृहात किंवा ग्रामसंघाच्या खोलीत जोडणी देता येईल का. उत्तर काहीही मिळो, ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी "बघतो" म्हणालेलं पुढच्या सभेपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

पंचायतीतून नाही जमलं तर बीएसएनएलचं फायबर किंवा गावातला केबलवाला हे पर्याय असतात. जोडणी घेताना मासिक भाड्याआधी एक प्रश्न विचारा. वायर तुटली तर जोडायला कोण येणार आणि किती दिवसांत? आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबली ओढून नेतात, आणि रस्त्याच्या कामात जेसीबी जमिनीतली फायबर उचकटतो. शंभर रुपये स्वस्त असलेली लाईन महिन्यातले दहा दिवस बंद राहिली तर ती महागच.

आकड्यातली गंमत

जाहिरातीत "४० एमबीपीएस" लिहिलेलं असतं. फोनमधली फाईल मात्र एमबीमध्ये मोजतात. ही दोन वेगळी मापं आहेत. एमबीपीएसला आठनं भागलं की एका सेकंदाला किती एमबी येणार ते कळतं. ४० भागिले ८ म्हणजे ५. प्रशिक्षणाचा ५०० एमबीचा व्हिडिओ ४० एमबीपीएसवर १०० सेकंदांत उतरेल. वस्तीवर मोबाईलला ४ एमबीपीएस मिळत असतील तर त्याच व्हिडिओला १००० सेकंद, म्हणजे जवळपास सतरा मिनिटं लागतील. हिशोब वहीत एकदा करून बघा, पुन्हा कुणी तुम्हाला आकड्यात गुंडाळणार नाही.

आपल्या कामाला दुसरा वेग जास्त लागतो, फोनमधून वर चढवण्याचा. गटाचे ठराव, पासबुकाचे फोटो, पापड-लोणच्याचे व्हिडिओ हे सगळं आपण वर पाठवतो. मोबाईल डेटात चढवण्याचा वेग सहसा उतरवण्यापेक्षा बराच कमी असतो. फायबरच्या अनेक प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात. माझ्या मते वायरीचा आपल्याला खरा फायदा इथं आहे, पण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

आधी दुखणं कुठं आहे ते शोधा

नेट हळू चालतंय म्हणून लगेच महागडा प्लॅन घेऊ नका. फोनच्या ब्राउझरमध्ये फास्ट डॉट कॉम उघडा. पान उघडलं की वेगाचा आकडा येतो. "अधिक माहिती"वर दाबलं की वर चढवण्याचा वेगही दिसतो. ही तपासणी एकदा वाय-फायच्या पेटीच्या अगदी शेजारी उभं राहून करा आणि एकदा तुम्ही जिथं बसून काम करता तिथं. पेटीजवळ ३८ आणि आतल्या खोलीत ३ आला, तर लाईन चांगली आहे, घराच्या भिंती आडव्या येत आहेत.

आपल्या जुन्या घरांच्या दगडी, मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात थंडावा देतात, पण वाय-फायला अडवतात. पत्रा आणि लोखंडी कपाट त्याहून वाईट. आणि पेटी ठेवतात कुठं? टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये, नाहीतर लोखंडी कपाटावर. एका ग्रामसंघाच्या खोलीत ती दप्तराच्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती, चोरीला जाऊ नये म्हणून! ती बाहेर काढून भिंतीवर उंच लावली आणि वेग वाढला. खर्च दोन खिळ्यांचा.

नव्या पेट्यांवर वाय-फायची दोन नावं दिसतात, एका नावापुढे ५जी लिहिलेलं असतं. मोबाईलच्या ५जीशी याचा संबंध नाही. ही पाच गिगाहर्ट्झची लहर असते. ती जोरात चालते पण भिंत ओलांडताना दमते. दुसरी २.४ ची, ती हळू पण लांब जाते. पेटीच्याच खोलीत असाल तर ५जीवालं नाव निवडा, पलीकडच्या खोलीत असाल तर दुसरं. बऱ्याच घरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो आणि वायर विकत घ्यावी लागत नाही.

आता वायर फोनपर्यंत

हो, वायर थेट स्मार्टफोनला जोडता येते. पुष्कळ जणींना हे खोटं वाटतं. कॉम्प्युटरला मागे जी जाड पिनेची निळी किंवा पिवळी वायर लावतात, तीच. फोनला तसं भोक नसतं म्हणून मध्ये एक छोटं कनेक्टर लागतं. दुकानात "टाइप-सी टू लॅन" असं मागा. जुन्या फोनला चपटी छोटी पिन असेल तर ती दाखवून त्या मापाचं घ्या. सोबत लॅन केबल. केबलवर "कॅट ५ई" किंवा "कॅट ६" छापलेलं असावं, दोन्ही आपल्याला पुरतात. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा.

दुकानदार हजाराच्या वेगाचं, म्हणजे गिगाबिटचं कनेक्टर गळ्यात मारेल. तुमची लाईन ४० किंवा ५० ची असेल तर १०० वालं साधं कनेक्टर पुरेसं आहे. पाईप दोन इंची आणि मोटार अर्धा एचपीची असून काय उपयोग?

जोडताना वायरीचं एक टोक पेटीच्या "लॅन" लिहिलेल्या भोकात घाला, दुसरं कनेक्टरमध्ये, आणि कनेक्टर फोनला लावा. मग फोनचं वाय-फाय आणि मोबाईल डेटा दोन्ही बंद करा. वरच्या पट्टीत दोन कंसांच्या मध्ये तीन ठिपके असं चिन्ह आलं की झालं. काही फोनमध्ये ते चिन्ह दिसत नाही, तिथं सरळ एखादं पान उघडून बघा. काहीच होत नसेल तर सेटिंगमध्ये "ओटीजी" शोधा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते हातानं चालू करावं लागतं आणि थोडा वेळ न वापरल्यास आपोआप बंद पडतं. तरीही नाही चाललं तर तो फोन ते कनेक्टर ओळखत नाही असं समजा. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच आपल्या फोनला लावून बघायचं, ब्लाऊजपीस साडीवर धरून बघतो तसं.

एक अडचण आहे. चार्जिंगचं भोक वायरीनं अडतं. तासभराची ऑनलाइन बैठक असेल तर बॅटरी आधी भरून घ्या, नाहीतर चार्जिंगची वेगळी जागा असलेलं कनेक्टर घ्या, ते थोडं महाग पडतं.

मग हे कुणी करावं? रोजच्या व्हॉट्सअॅपसाठी आणि मालिका बघण्यासाठी अजिबात नको, वाय-फाय पुरे. पण जिथं मध्येच तुटून चालत नाही तिथं वायर घ्या. लेकीची ऑनलाइन परीक्षा, नोकरीची मुलाखत, जिल्ह्याच्या बैठकीत तुम्ही सादरीकरण करत असाल ती वेळ, मालाची थेट व्हिडिओ विक्री, किंवा महिनाअखेर वीस गटांच्या नोंदी एकदम चढवायचं सीआरपी ताईंचं काम. वाय-फायवर शेजारच्या खोलीतल्या तिघांनी व्हिडिओ लावला की तुमचा आवाज तुटतो. वायरीवर तो त्रास बराच कमी होतो.

ओटीपी वेगळ्या वाटेनं येतो

इथं बहुतेक जणी अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा. ओटीपीचा मेसेज नेटवरून येत नाही, तो सिमकार्डच्या रेंजवर येतो. कोयनेच्या खोऱ्यातल्या किंवा चांदोलीकडच्या वस्तीत वायरनं नेट झकास चालेल, अर्ज उघडेल, आधार क्रमांक टाकाल, आणि ओटीपी येणारच नाही, कारण सिमला रेंज नाही. मग आपण नेटला शिव्या देतो. बिचाऱ्या नेटची चूक नसते.

त्याला एक उपाय आहे, "वाय-फाय कॉलिंग". अनेक फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये हे बटण असतं. तुमची सिम कंपनी आणि फोन दोघांनाही ते चालत असेल तर रेंज नसताना फोन वाय-फायवरून लागतो, आणि पुष्कळदा मेसेजही येतात. हे वाय-फायवर चालतं. फोनला वायर लावून वाय-फाय बंद केलं असेल तर त्यावर विसंबू नका. म्हणजे ओटीपीचं काम असेल तेव्हा वायर काढा, वाय-फाय लावा. वेग थोडा कमी मिळेल, पण काम होईल.

आणखी एक. घरात वायरचं नेट आलं म्हणून सिमचा रिचार्ज कायमचा बंद करू नका. बराच काळ रिचार्ज नसलेलं सिम बंद होतं, तो नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, आणि तुमचं आधार आणि बँक खातं त्याच नंबरला जोडलेलं असतं. मोठ्या डेटाचा रिचार्ज सोडून छोटा ठेवा, पण ठेवा.

वायरनं सुटत नाही असा आणखी एक प्रश्न म्हणजे पलीकडची गर्दी. योजनेच्या शेवटच्या तारखेला दुपारी बारा वाजता लाखो जणी एकच संकेतस्थळ उघडतात. तिथं आपल्या घरचं नेट कितीही वेगवान असलं तरी गोल फिरणारच. दुसरं कुठलंही पान भराभर उघडतंय आणि तेवढं एकच अडतंय, तर रोग पलीकडे आहे. पहाटे दूध काढायच्या आधी दहा मिनिटं बसा, तेव्हा पुष्कळदा काम होतं.

एक लाईन, दहा गट

समजा लाईनचं भाडं महिन्याला ३९९ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४७० रुपये ८२ पैसे. ग्रामसंघात दहा गट असतील तर प्रत्येक गटाला ४७ रुपये, आणि गटात दहा जणी असतील तर एकीला पाच रुपयेसुद्धा नाही. ग्रामसंघाच्या खोलीत एक पेटी, एक टेबल, एक लॅन केबल आणि एक कनेक्टर एवढं ठेवलं तर ज्यांच्या घरी लाईन परवडत नाही त्यांचंही काम होतं. ज्यांच्या घरी फोन मुलाच्या किंवा मालकांच्या हातात असतो त्यांचंही होतं. अशा ताई आपल्याकडे किती आहेत हे बैठकीत कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

म्हणूनच एक नियम कडक ठेवा. एका ताईचा अर्ज दुसरीच्या फोनवरून भरला, तर काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडायचं आणि आधार, पासबुकाचे फोटो तिथंच, तिच्यासमोर पुसायचे. गॅलरीतून पुसलं तरी ते कचऱ्याच्या डब्यात काही दिवस राहतं, तिथूनही काढायचं. सीआरपी ताईंच्या फोनमध्ये अख्ख्या गावाची आधार कार्डं साठलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात काही नसतं, पण फोन हरवला तर? वाय-फायचा पासवर्डही भिंतीवर खडूनं लिहू नका. तो वहीत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला.

वीज गेली की पेटीही बंद पडते, हे लाईन घेताना कुणी सांगत नाही. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घेताना पेटीच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या, बऱ्याच पेट्यांवर १२ असतं. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की पेटीचा प्लग काढा आणि फोनची लॅन वायरही. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण प्लगची आणि लॅनची वायर तांब्याची असते. काचेची ती बारीक केबल कधी घट्ट दुमडू नका, तिच्यावर पाटा-वरवंटा ठेवू नका, आणि तुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मुलांना हे मुद्दाम सांगा.

पुढच्या प्रभाग बैठकीआधी प्रत्येक ग्रामसंघानं तीन वेळा वेग मोजून वहीत लिहायचा आहे: सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री आठ. तारीख, जागा, उतरवण्याचा वेग, चढवण्याचा वेग असे चार रकाने पाडा. मोबाईल डेटा असेल तर तसं लिहा, वाय-फाय असेल तर पेटीपासून किती पावलांवर मोजला तेही लिहा. माझ्या पिशवीत एक टाइप-सीचं आणि एक जुन्या पिनेचं अशी दोन कनेक्टरं आणि पाच मीटर केबल असेल. विकत घेण्याआधी आपापल्या फोनला लावून बघा. फोन मात्र चार्ज करून आणा, खोलीत प्लग दोनच आहेत.